खऱ्या वाक्याच्या बाई

बाईंना खोटं वाक्य चालत नसे. इंग्रजीतला कुठलाही शब्द शिकवला, की त्याचं वाक्य आपल्या घरात खरोखर घडलेलं हवं. 'राम आंबा खातो' म्हटलं की विचारायच्या, "कोण राम? कुठला आंबा?"

शाळेतून निवृत्त झाल्यावर अंबरनाथ पश्चिमेला आपल्या घरी त्या आम्हा बायकांना दुपारी इंग्रजी शिकवायच्या. साधे शब्द त्यांना नकोच असत. कम, गो तर तुमची पोरंसुद्धा बोलतात, म्हणायच्या आणि कधी न ऐकलेलं क्रियापद काढायच्या. त्या खऱ्या वाक्यांपायी आम्हाला एकमेकींच्या घरातलं सगळं कळलं. विठ्ठलवाडीच्या सीमाचा नवरा घोरतो, हेसुद्धा इंग्रजीतच कळलं. काय हसलोय आम्ही तिथे!

बाई एकट्या राहायच्या. मागे बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, तेव्हापासून लेक बदलापूरहून रोज फोन करायची, माझ्याकडे राहायला ये म्हणून. बाईंचं उत्तर ठरलेलं. "मला काय धाड भरलीय?" खरं सांगते, आम्हालाही तेच हवं होतं. बाई गेल्या की क्लास गेला.

एका दुपारी त्यांनी फळ्यावर 'रिलेंट' लिहिलं. म्हणाल्या, "आधी पक्कं नाही म्हटलेलं हवं. मग समोरच्याबद्दल माया वाटून आपणच मऊ व्हायचं. कंटाळून हो म्हटलं, तर ते रिलेंट नव्हे." मी लगेच हात वर केला. माझ्या सासूबाई किती महिने क्लासला नाही म्हणत होत्या, आणि एक दिवस स्वतःच पोळ्या लाटायला बसून मला म्हणाल्या, जा. वाक्य पास झालं. मग नेहमीप्रमाणे बाईंची पाळी. त्यांनी खडू उचलला आणि परत ठेवून दिला. "माझ्याकडे याचं एकही नाही गं," म्हणाल्या आणि क्लास लवकर सोडला.

पुढच्या वेळी त्यांनी सांगून टाकलं. आईच्या काळजीने लेकीला झोप लागत नाही, फोन वाजला की तिच्या काळजात धस्स होतं, असं जावई कधीपासून सांगत होते. बाईंनी ते कानाआड केलं होतं. "मी चाललेय बदलापूरला. वाक्यासाठी नाही हं. पोरीसाठी." सीमाने विचारलं, बाई, आमचं काय? माझ्याही ओठांवर तेच होतं. गिळलं.

लेक न्यायला आली, तेव्हा मी पिशव्या घेऊन जिन्यात उभी होते. रडूही येत होतं आणि बरंही वाटत होतं. पडल्यानंतरसुद्धा बाईंनी कधी कुणाचा आधार घेतला नव्हता. कुणी हात पुढे केला की झटकायच्या. त्यामुळे लेक बिचारी हात न लावता एक पायरी खाली नुसती थांबली होती. बाईंनी कुलूप लावलं, वळल्या आणि आपणच हात पुढे केला.

"धर गं मला," म्हणाल्या.