वूल हॉलच्या खिडकीतली बाई

क्लेमेंट ट्रँटर भुतं विकायचा. म्हणजे आठवडाभर टपाल वाटायचा आणि शनिवारी दिवेलागणीला जुन्या पडद्यांचा शिवलेला काळा झगा चढवून, हातात कंदील घेऊन, कॉल्डबरी बघायला आलेल्या पाहुण्यांना गावभर हिंडवायचा. पुढे टपालातून निवृत्त झाला, पण भुतं काही सुटली नाहीत. लोक बसगाड्या भरभरून यायचे. किल्ल्याचे पडके बुरूज बघायचे, चौकातल्या बटर क्रॉसच्या दगडी छपराखाली, जिथे पूर्वी आसपासच्या बायका लोणी विकायला बसत, तिथे उभं राहून फोटो काढायचे, स्कोन नावाच्या गोडसर पावांवर साय आणि जॅम थापून खायचे, आणि सुस्तावलेल्या अंगाने क्लेमेंटच्या मागे निघायचे. भुताखेतांवर त्याचा स्वतःचा काडीइतका विश्वास नव्हता. त्याची निम्मीअधिक भुतं त्याच्याच स्वयंपाकघरात जन्माला आली होती, आणि त्या सगळ्यांची सुईण होती त्याची बायको ऑड्री.

ऑड्री बुटकी, गोल, आणि एका जागी न बसणारी. शाळेच्या मुदपाकखान्यात तिने उभा जन्म काढला. पोरांच्या ताटात उकडलेली गाजरं वाढता वाढता ती मास्तरांपासून बिशपपर्यंत कुणाचीही हुबेहूब नक्कल करायची. क्लेमेंटला मात्र हे ऐकूनच माहीत होतं. घरी ती विणकाम करायची आणि त्याच्या गोष्टीतल्या चुका काढायची.

"संन्याशाला मारलंस ते ठीक आहे," ती म्हणायची, "पण पबच्या बोळात कशाला? तिथे आठवड्यातून दोनदा खऱ्या मारामाऱ्या होतात. लोकांना भूत कुठलं आणि दारुडा कुठला ते कसं कळायचं?"

सगळ्यात गाजलेलं भूत तिचं स्वतःचं होतं. चौकाच्या टोकाला वूल हॉल आहे, लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली पिवळ्या दगडाची इमारत. क्लेमेंट तिच्यासमोर लोकांना उभं करायचा. स्वतः इमारतीकडे पाठ, लोकांकडे तोंड. मग ॲलिस फेनची गोष्ट. नवरा लोकर घेऊन समुद्राकडे गेला तो परतलाच नाही, आणि ॲलिस रोज संध्याकाळी त्या खिडकीत मेणबत्ती घेऊन उभी राहायची. बोलता बोलता क्लेमेंटचे हात पसरायचे, आवाज खाली यायचा, आणि मग एकदम, "वर बघा!"

वर पहिल्या मजल्याच्या खिडकीत ऑड्री उभी असायची, डोक्याला जुन्या पद्धतीची पांढरी टोपी, हातात मेणबत्ती. लोकांचा श्वास अडकायचा. कुणीतरी किंचाळायचं. आणि लगेच पाठोपाठ मोठा हशा पिकायचा. क्लेमेंटची समजूत अशी, की माणूस घाबरला की मागाहून हसतोच, त्यातून पुढचा विनोद त्याने फार खुबीने पेरला होता: "बघा, नवऱ्याला उशीर झाला तर बायको कुठवर जागते ते!" लोक डोळे पुसपुसून हसायचे. क्लेमेंट मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा.

वळून मात्र त्याने कधी पाहिलं नाही. वाटाड्याने वळून पाहिलं की खेळ संपला, हा त्याचाच नियम. त्यामुळे पंचवीसेक वर्षं गावोगावच्या लोकांनी खिडकीतली ऑड्री पाहिली, आणि न पाहिलेला माणूस एकच होता. त्याला काय, ती घरी येणारच होती. टोपी खुंटीला अडकवून, गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत, पावावर चीज भाजायला घेणारच होती.

गेल्या फेब्रुवारीत एका पहाटे ती झोपेतच गेली.

कॉल्डबरीत दुःखाच्या घरी लोक जातात, नाही असं नाही. खोलगट भांड्यात मटण-बटाट्याचं कालवण घेऊन जातात, दारात उभं राहून "आज थंडी जरा कमी आहे, नाही का?" असं विचारतात, आणि भांडं सावकाश दिलं तरी चालेल म्हणून निघून जातात. मेलेल्या माणसाचं नाव काढणं म्हणजे ताज्या जखमेला बोट लावणं, असं इथे सगळ्यांना अगदी मनापासून वाटतं. क्लेमेंटच्या घरात भांडी साचली. ऑड्रीचं नाव कुणी घेतलं नाही.

आणि मग क्लेमेंटला भूत हवंसं झालं. जन्मभर थोतांड म्हणून विकलं तेच. तो जिन्यावरचा दिवा चालू ठेवून झोपू लागला. दफनभूमीतल्या यू झाडांखाली तासन्तास बसू लागला. एकदा तर पबच्या बोळात, जिथे त्याने स्वतः तो संन्यासी मारून ठेवला होता, तिथे भर दुपारी भिंतीला टेकून उभा राहिला. आपणच रचलेल्या भुताकडे तो बायकोचा पत्ता विचारत होता, आणि हे त्याला कळतही होतं. लाज वाटायची. पण तरी तो थांबायचा. ऑड्री आली नाही. घर इतकं गप्प होतं की किटली उकळली तरी दचकायला व्हायचं.

शनिवारची फेरी त्याने सोडली नाही. वूल हॉलसमोर तो ॲलिस फेनची गोष्ट सांगायचा, फक्त "वर बघा" गाळायचा. विनोद तोच ठेवला होता. कुणी हसायचं नाही. सभ्य माणसं ओठ ताणायची, घड्याळात बघायची.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तो चीजच्या गाड्यावर उभा होता. गाडा मेव्हिस पोलार्डचा. मेव्हिस म्हणजे ऑड्रीची शाळेपासूनची मैत्रीण, जीभ चीज कापायच्या तारेसारखी धारदार.

"तोंड का असं पाडलंयस?" मेव्हिस म्हणाली. "घे, हा तुकडा चाखून बघ. फुकट आहे, म्हणून तरी हस."

"माझं संपलं, मेव्हिस. लोक हसत नाहीत. तोच विनोद, तेच शब्द. ऑड्रीबरोबर माझी कलाही गेली."

मेव्हिसची सुरी चीजमध्येच थांबली.

"तुझ्या विनोदाला कोण हसायचं रे?" तिच्या तोंडून निसटलं.

"म्हणजे?"

"काही नाही. पाव किलो देऊ का?"

"मेव्हिस."

तिने सुरी ठेवली, हात पुसले. आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाली, "ती तुझी नक्कल करायची, क्लेम. वर, खिडकीत. तू हात पसरलेस की ती हात पसरायची. तू नाक खाजवलंस की ती मेणबत्ती सांभाळून नाक खाजवायची. ते बोट वर करून तू 'नवऱ्याला उशीर झाला' म्हणतोस ना, ते तर अगदी तंतोतंत. त्याला हसायचे लोक."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्या गावाने बघितलंय. मी माझ्या बहिणीला मुद्दाम घेऊन आले होते. चर्चचे व्हिकरसाहेब दोनदा आले."

"आणि मला कुणी बोललं नाही."

"बरं दिसलं असतं का ते?" मेव्हिस म्हणाली. "आधी तुझा मान होता. मग ती गेली, तेव्हा तर कुठल्या तोंडाने सांगणार?"

क्लेमेंट चीज न घेताच निघाला. कान तापले होते. गाव इतकी वर्षं त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघून हसत होतं, आणि तो त्या हसण्याला वाकून नमस्कार करत होता! घरी येऊन त्याने कपाटाच्या आरशासमोर हात पसरून पाहिले. बोट वर करून पाहिलं. गाढवच दिसत होता. आणि एकाएकी त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो पलंगावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

रडून झाल्यावर एकच गोष्ट उरली. त्याला ते बघायचं होतं. बाकी काही नको, तिने काही बोलायलाही नको, फक्त ती त्याची नक्कल करताना त्याला एकदा बघायची होती. सगळ्या गावाने बघितलं ते त्याला एकट्याला बघायचं राहिलं होतं.

वेळही उरला नव्हता. गावच्या वारसा मंडळाने वूल हॉलच्या वरच्या मजल्यावर चहाची खोली करायचं ठरवलं होतं. येत्या शनिवारची फेरी त्या खिडकीखालची शेवटची. मंडळाची चिटणीस रोझालिंड किल्ली देताना म्हणाली, "काम संपलं की वसंतात आपण खिडकीत मेणाची बाहुली बसवू, मिस्टर ट्रँटर. बटण दाबलं की दिवा लागेल. ऑड्री... म्हणजे, पूर्वीसारखंच वाटेल."

"बाहुली नको," क्लेमेंट म्हणाला.

शनिवारी दुपारी तो वर जाऊन आला. रंगाऱ्याचे डबे, उभी शिडी, फळ्या, धूळ. खिडकीची काच कळकट. खोलीत तो बराच वेळ थांबला, एकदा घसा खाकरून "ऑड्री" म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळला. खाली येऊन त्याने दार बाहेरून बंद केलं, किल्ली खिशात टाकली.

चार वाजताच अंधारलं. नदीवरून धुकं चढून चौकात आलं. पाहुणे डझनभर असतील, यॉर्कशरकडची मंडळी, गळ्यात मफलर, हातात कागदी पेल्यातला चहा. त्यांच्यात लाल टोपी घातलेली एक जाड बाई होती, तिला सगळ्याचंच हसू येत होतं. क्लेमेंटने तिला मनातून धन्यवाद दिले. किल्ल्याच्या दारावरचा शिपाई, विहिरीतली मुलगी, बोळातला संन्यासी, सगळे उरकून तो वूल हॉलसमोर आला. खिडकीकडे पाठ केली. लोकांकडे तोंड केलं.

ॲलिस फेनची गोष्ट त्याने त्या दिवशी घाईने सांगितली नाही. लोकर, गाड्या, समुद्राकडचा रस्ता, घरी राहिलेली बायको. हात आपोआप पसरले. आणि "वर बघा" हे शब्द, महिनोन्‌महिने गिळलेले, तोंडून बाहेर पडले.

लोकांनी माना वर केल्या. लाल टोपीवालीने तोंडावर हात घेतला. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. एकाच्या पेल्यातला चहा सांडला.

आणि मग ते हसले.

 किल्ली क्लेमेंटच्या खिशात होती, मांडीला टोचत होती. समोर चेहरे, सगळ्यांचे डोळे त्याच्या डोक्यावरून पलीकडे. त्याने उजवं बोट वर केलं. हशा वाढला. वळलो आणि तिथे कुणी नसलं, तर? तर मग हेही गेलं. न वळता चालत राहिलो, तर निदान एवढं तरी आपलं. पण इतकी वर्षं तो वळला नव्हता, आणि त्याचं काय झालं ते त्याने भोगलं होतं. नियम गेला खड्ड्यात, असं त्याला वाटलं, आणि तो वळला.

खिडकी काळी होती. काचेआड रंगाऱ्याची शिडी तेवढी दिसत होती. बाकी काही नाही. टोपी नाही, मेणबत्ती नाही.

क्लेमेंट बघत राहिला. हातातला कंदील खाली आला. खिडकीत नाही, जिन्यावर नाही, दफनभूमीत नाही, म्हणजे ती कुठेच नाही. त्याला आता घरी जायचं होतं. त्याने खचून झग्याची बाही वर सारली.

मागे हशा पिकला.

 मागे, त्याच्या पाठीशी, जिथे आता लोक होते, तिथे. लाल टोपीवालीचं हसणं सगळ्यांच्या वर ऐकू येत होतं. "अहो, बघा तरी!" ती कुणाला तरी सांगत होती. "हुबेहूब! आणि इतक्या लवकर खाली आली कशी ही?"

क्लेमेंटने सावकाश डावा हात उचलला. मागून हसू आलं. कान खाजवला. पुन्हा हशा, टाळ्याही वाजल्या. हवा ओली आणि गार होती, पण त्याच्या मानेमागे ती तितकी गार नव्हती, आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. तो वळला असता तर? त्याला पक्कं माहीत होतं काय झालं असतं. ती पुन्हा मागे गेली असती. तो कुठेही तोंड करो, ती त्याच्या मागेच असणार होती. बघायला मिळणार नव्हतीच. आणि इतके महिने तो तिला समोर शोधत फिरला होता.

त्याला बोलायचं होतं, पण ॲलिस फेनच्या गोष्टीत त्याच्या उपयोगाचं एक वाक्य नव्हतं. डोळे वाहू लागले. काळ्या खिडकीकडे बघत त्याने झग्याची बाही उचलली आणि तोंड पुसलं, आणि पुन्हा पुसलं, आणि थांबवता येईना.

मागचं हसू एकेक करून विझलं. चौक शांत झाला. मग लाल टोपीवाली दोन पावलं पुढे आल्याचं त्याने ऐकलं. तिचा आवाज अगदी उतरला होता.

"अहो, ऐका ना," ती म्हणाली. "तुमच्या मागच्या बाईंना काही होतंय का? त्या रडताहेत."

"नाही हो," क्लेमेंट न वळता म्हणाला. "नक्कल करतेय ती माझी. पहिल्यापासूनची खोड आहे तिची."