मान्यता नसलेला सडा

"नंबर काढ."

मी गाडीवर बसलेली. हेल्मेट डोक्यात, हातमोजे चढवलेले. सरावाची फेरी सुरू व्हायला पाच मिनिटं होती. समोर मोटारसायकल संघटनेचा पंच उभा होता, गळ्यात ओळखपत्र, हातात एक कागद.

"तुझा परवाना निलंबित झालाय. गाडीवरचा नंबर काढ आणि ट्रॅकच्या बाहेर हो."

मी म्हटलं, "सर, गाडी बाजूला नेऊन काढते."

"इथंच काढ. सगळ्यांना कळू दे."

पुण्याजवळचं मैदान. रांगेत तीस-पस्तीस गाड्या. इंजिनं चालू. मी हातमोजे काढले आणि नखाने स्टिकर खरवडायला लागले. आदल्या दिवशीच चिकटवलेला, उन्हाने घट्ट बसलेला. एक कोपरा सुटायचा आणि बाकीचा फाटायचा. कुणी मान वळवली. कुणी फोन काढून शूट करायला लागला. अंगठ्याचं नख मुळापर्यंत तुटलं. सत्तेचाळीस नंबर होता. चार निघाला, साताचा दांडा राहिला. पंच म्हणाला, "तेवढं कशाला ठेवतेस? तेही काढ."

माझं वय सत्तावीस. रत्नागिरीतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या हाताखाली चार मेकॅनिक आहेत. आणि मी तिथे फळा पुसायची शिक्षा झालेल्या शाळकरी पोरीसारखी खाली मान घालून खरवडत होते. मी उलटून एक शब्द बोलले नाही. आज त्याचाच राग जास्त येतो.

कारण कागदावर होतं. मी मान्यता नसलेल्या शर्यतीत भाग घेतला होता.

ही मान्यता नसलेली शर्यत म्हणजे आमच्या सड्यावरची शर्यत. गावाच्या डोक्यावर जांभ्याचा सडा पसरलाय, उघडं सपाट पठारच. कातळ, मध्ये मध्ये लाल माती, पावसाळा सरला की नुसतं वाळलेलं गवत. शिमग्यात पालखी घरोघर फिरून देवळात परतली की दुसऱ्या दिवशी सड्यावर मोटारसायकली धावतात. चुन्याच्या फक्कीने रस्ता आखतात. वळणावर भाताच्या पेंढ्या रचतात, कुणी घसरलं तर अंग त्यांच्यावर पडावं म्हणून. आरोग्य केंद्राची गाडी उभी करतात. हेल्मेट नसेल तर कुणालाच उतरू देत नाहीत, मग तो सरपंचाचा मुलगा का असेना. हे सगळं तात्या बघतात. तात्या गावचे मानकरी, जन्मभर बोटीवर नोकरी केलेले. शिस्तीच्या बाबतीत माणूस कडक.

मी तिथेच शिकले. माझे बाबा चिरेखाणीचा ट्रक चालवायचे. बंद पडलेल्या खाणीच्या तळात मी त्यांची जुनी गाडी फिरवायचे, आणि अठरा पूर्ण झाल्यावर तात्यांनी सड्यावर उतरू दिलं. पुढे संघटनेचा परवाना काढला. तो मिळवायला पुण्याच्या एका क्लबाची शिफारस लागते. क्लबच्या अध्यक्षांनी मला तीन वेळा घाट चढायला लावला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मुलगी आहेस, फोटो चांगला येईल," आणि सही केली. मी आभार मानले. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

यंदा मात्र खरंच काहीतरी घडलं होतं. पुण्याच्या एका टीमने मला त्यांची गाडी दिली. राष्ट्रीय मालिकेचा पूर्ण मोसम. ती नंबर खरवडलेली गाडी त्यांचीच. नऊ वर्षं मी ह्याच एका गोष्टीसाठी धडपडत होते. लग्नाची दोन स्थळं मोडली, आईशी अबोला धरला, रविवार कधी बघितला नाही. आणि ही संधी आमच्याकडच्या माणसाला एकदाच मिळते, तीही चुकून.

आठ दिवसांनी सुनावणी होती. पुण्यातच, हॉटेलच्या एका गार खोलीत. टेबलापलीकडे तिघं साहेब. मला खुर्ची होती, पण बस कुणी म्हणालं नाही, म्हणून मी उभीच राहिले.

त्यांनी भिंतीवर व्हिडिओ लावला. सड्यावरचा. कुणीतरी हौसेने फोनवर काढून नेटवर टाकलेला. त्यात शर्यत दिसतच नव्हती. दिसत होतं ते गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, तसं शर्यतीआधीही घालतात. तात्या माईकवर उभे, हातात नारळ, आणि आम्ही सगळे हेल्मेटं काढून मागे.

"बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरं गाड्या घेऊन सड्यावर आल्यात. त्यांच्या वाटंत काय आडवंतिडवं आसंल तर बाजूला कर. कुनाचं हाडूक मोडू देऊ नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग तात्या धावणाऱ्यांची नावं घ्यायला लागतात. कुणाचं रक्षण करायचं ते देवाला नीट कळायला हवं ना. पहिलं नाव माझं, बाईमाणूस म्हणून मानाने पहिलं. नाव, बापाचं नाव, गाव, वाडी. पुढची नावं वाऱ्यात उडाली होती. सड्यावर माईकचं काय चालतंय.

मधले साहेब म्हणाले, "हे काय? व्हय म्हाराजा? ही तुमची इन्शुरन्स कंपनी का?"

तिघं हसले. मोठ्याने.

आणि मीही हसले.

हे लिहावंसं वाटत नाही, पण लिहायलाच हवं. मला कुणी हसायला लावलं नव्हतं. त्यांच्यासारखं हसलं तर ते मला आपल्यातली समजतील असं कुठेतरी वाटलं असणार. भिंतीवर तात्या माझ्या हाडांसाठी देवाशी भांडत होते आणि मी दात काढत होते. नंबर त्यांनी काढायला लावला होता. हे मी माझ्या हाताने केलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

हसून झाल्यावर उजवीकडचे साहेब म्हणाले, "नियम माहीत आहे ना? मान्यता नसलेल्या शर्यतीत उतरायचं नाही."

मी म्हटलं, "सर, आम्ही मान्यतेसाठी तीन वर्षं अर्ज केलेत. तात्यांनी पोच घेतलीय."

"अर्ज क्लबमार्फत यावा लागतो. कोकणात आमचा क्लब नाही."

"मग आम्ही क्लब काढला तर?"

"काढा की. पण त्या भागात आधी मान्यताप्राप्त शर्यती झालेल्या हव्यात."

"क्लब नाही म्हणून शर्यतीला मान्यता नाही, आणि शर्यत झाली नाही म्हणून क्लब नाही?"

"नियम आम्ही तुझ्यासाठी नाही केले."

गंमत म्हणजे बोलताना त्यांना काही खटकलंही नाही. तात्या तिसरा अर्ज परत आल्यावर म्हणाले होते, "आय जेवाया घालीना नि बापूस भीक मागू देयना, तशातली गत हाय ही, बाय." तेव्हा मी त्यांना समजावलं होतं, की तात्या, मोठी संघटना आहे, वेळ लागतो. मला किती ठाऊक होतं! सड्यावर धावले तर परवाना जातो. धावले नाही तर शर्यतीचा सराव जातो, कारण जवळचा मान्यताप्राप्त ट्रॅक घाट चढून गेल्याशिवाय नाही आणि नोकरीतून रजा मिळत नाही. सराव गेला की टीम जाते. कुठूनही निघा, भिंतच.

मग मधल्या साहेबांनी आवाज मऊ केला. "हे बघ, मुलगी आहेस म्हणून सांभाळून घेतोय. दोन वर्षांचं निलंबन बनतं. पण तू माफीपत्र दिलंस तर एका महिन्यावर आणू. राष्ट्रीय फेरीला उभी राहशील. फक्त एक अट. तिथे आणखी कोण परवानाधारक धावले त्यांची नावं लिहून दे."

कोरा कागद पुढे आला. पेनही आलं. आणि आता, "बस."

मी बसले. लिहायला लागले. 'मी मान्यता नसलेल्या शर्यतीत भाग घेतला ही माझी चूक झाली. पुन्हा अशी चूक होणार नाही.' अक्षर सुंदर आलं. मग आकडा एक घातला. पहिलं नाव अलोरे गावच्या दादाचं सुचलं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, माझ्याआधीपासून धावणारा. मागे एकदा सड्यावर शेवटच्या फेरीआधी माझी चेन तुटली, तर त्याने स्वतःच्या गाडीची काढून मला बसवून दिली आणि स्वतः पेंढ्यांवर बसून माझी शर्यत बघितली. घरी दोन लेकरं. धरणाच्या वसाहतीत पंप दुरुस्त करतो आणि वर्षाची सगळी रजा घाटापलीकडच्या शर्यतींसाठी साठवतो.

त्याच्या नावाचं अर्धं लिहून झालं होतं.

मी ते अर्धं नाव बघितलं. दुसऱ्याचा नंबर खरवडायला आता मीच बसले होते. त्यांना पंच पाठवायची गरज नव्हती. मी होते ना, सुंदर अक्षराची!

मी ते नाव गिरवून गिरवून काळं केलं. वरच्या दोन्ही ओळींवर काट मारली. खाली लिहिलं: 'मी सड्यावरच्या शर्यतीत धावले. त्यात माझी चूक नाही. इतरांबद्दल मी काही सांगणार नाही.' सही केली. कागद सरकवला.

साहेबांनी वाचलं. "हे माफीपत्र नाही."

"नाहीच आहे."

"टीम जाईल तुझी. कळतंय का?"

"कळतंय."

"तुझ्यासारख्या पोरींना संधी द्यावी तर हे असं."

मी उठून उभी राहिले. ह्या वेळी कुणी उभं केलं नव्हतं. म्हटलं, "सर, ते म्हातारे गृहस्थ प्रत्येक धावणाऱ्याचं नाव घेतात. तुम्ही पस्तीस जणांना ट्रॅकवर सोडलंत, त्यातल्या एकाचं तरी नाव न बघता सांगता येईल?"

दार दाखवलं गेलं.

दोन वर्षांचं निलंबन झालं. टीमने चार दिवसांत गाडी नेली आणि दुसऱ्याला दिली. मी रडले. नऊ वर्षांचं रडले. आई म्हणाली, "बरं झालं, सुटलीस एकदाची." मी सुटलेली नाही. परवाना नाही, गाडी नाही, वय मात्र चाललंय. शर्यतीतली दोन वर्षं म्हणजे काय हे आईला सांगून कळणार नाही.

मालगुंडला दुकान असलेला, सड्यावर धावणारा एकजण परवा म्हणाला, "गप्प राहा गो. दोन वर्षं जातील. मग सॉरी म्हण नि ये परत." त्याने ते मायेने सांगितलं. पण मी गप्प राहायला दोन वर्षं शिकले, तर पुढे बोलायचं विसरेन. मला माझी भीती वाटते. ती हसलेली मी अजून माझ्यातच कुठेतरी आहे.

तात्यांसमोर जाऊन मी त्या हसण्याबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता काय करतेस ता सांग."

येत्या शिमग्यानंतर सड्यावर शर्यत होणार. अर्ज करणार नाही. तात्या म्हणत होते, पत्रकावर नुसतं 'समस्त ग्रामस्थ' लिहू, उगाच कुणावर बालंट नको. मी नाही म्हटलं. दोन वर्षांचं त्यांनी हवं तर जन्माचं करावं. मी आखणार, मी धावणार, आणि ज्यांना नावं हवी आहेत त्यांना चोरून शोधायला लागू नये. पत्रक छापून आलंय. खाली आयोजक म्हणून एकच नाव आहे, माझं, पूर्ण पत्त्यासह. पहिली प्रत काल रजिस्टर पोस्टाने संघटनेला पाठवली.