भुंग्यांची घरं बुजवणारे काका

"हलू नकोस रे बाबा," पॉलिशवाले काका स्टुलाला म्हणाले. स्टूल तीन पायांवर उभं होतं, चौथा हवेत. काकांच्या एका हातात पत्र्याची पातळ पट्टी, दुसऱ्या हातात वाटी, वाटीत डिंकात कालवलेला लाकडाचा भुसा. समोर व्हरांड्याचा खांब आणि खांबाला बोट जाईल एवढं गोल गरगरीत भोक, मशीननं पाडल्यासारखं. काकांनी त्यात लगदा दाबला, पट्टीनं सपाट केला, अंगठ्यानं पुसला आणि मान तिरकी करून बघितलं. आता भोक कुठं होतं ते कुणी शोधून दाखवावं.

तेवढ्यात एक काळाकुट्ट भुंगा घूं घूं करत आला, त्या जागेवर डोकं आपटलं आणि काकांच्या कानाशी घिरट्या घालायला लागला.

"अहो, तुमचे पाहुणे आले वाटतं!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"पाहुणे कसले! फुकटे भाडेकरू आहेत. सगळं घर पोखरतायत."

"तुम्हाला भोक दिसलं की बुजवल्याशिवाय जेवण जात नाही, तसं त्यांचं."

काकूंचं खरंच होतं. काकांनी उभी हयात फर्निचरला पॉलिश करण्यात घालवली. लोकांची कपाटं, पलंग, ऑफिसातली टेबलं. आधी काचपेपर, मग भोकं बुजवायची, मग पॉलिशचे हातावर हात. ती कपाटं आरशासारखी चमकायची आणि सगळी धूळ, सगळा वास काकांच्या छातीत जाऊन बसला. शेवटी शेवटी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून ते भिंतीचे पोपडे बघितल्यासारखं करायचे. कुणाला वाटावं, भिंतच बघतायत. काकूंना काय ते कळत होतं. डॉक्टर स्पष्टच म्हणाला, "हे काम सोडा, ही हवा सोडा."

म्हणून ही जागा घेतली. दोन खोल्या, व्हरांडा, मागं विहीर, केळी, पपया, सहा महिने पाऊस आणि सहा महिने घाम. इथं आल्यावर काकांची पहिली सकाळ काकू अजून सांगतात. उठले, अंगणात गेले, एक लांब श्वास घेतला आणि खोकलाच आला नाही. परत घेतला. मग आत येऊन म्हणाले, "अगं, हे फुकट मिळतंय." नंतर रोज सकाळी ते तसेच उभे राहायचे. बाकी कुणाचे आभार मानायचे तेव्हा हा माणूस लाजतो, पण हवेसमोर अगदी हात जोडल्यासारखा उभा.

काकूंचं मात्र वेगळं होतं. तिकडं त्यांची सख्खी बहीण समोरच्या खोलीत. खिडकीतून भाजी निवडता निवडता गप्पा. इथं बोलायला कोंबड्या, आणि त्या पण मुंगसानं नेल्या. वांगी गोगलगाईंनी खाल्ली. पपईला फळ आलं ते वटवाघळांनी आपलं समजून संपवलं. एक दिवस काकूंनी विळी आडवी केली आणि सांगून टाकलं, "जागा माणसाला घेते किंवा घेत नाही. आता राहिले ते पॅशनफ्रूटचे दोन वेल. त्यांना फळ धरलं तर मी राहिले. नाही धरलं तर बहिणीसमोरची खोली अजून रिकामी आहे. तुम्ही काय ते ठरवा."

काका काय ठरवणार? तिकडं गेले तर छाती बंद, आणि काकूंशिवाय इथं राहिले तर तोंडच बंद. त्यांनी मुकाट्यानं मांडव बांधला. काय मांडव होता! प्रत्येक बांबूची गाठ घासून गुळगुळीत केलेली. आसपासचे लोक हसले, म्हणाले वेलाला पलंग केलाय. हसू दे. ज्यांनी दात काढले त्यांनी एकदा त्या बांबूवर हात फिरवावा आणि मग बोलावं.

वेल चढले. एक उंबऱ्याकडून, दुसरा विहिरीकडच्या उतारावरून. मग दुपारच्या उन्हात फुलं उघडायला लागली, पांढरी जांभळी, झालरी लावल्यासारखी. काकू पाणी आणायला मुद्दाम मांडवाखालून जायच्या.

फुलं संध्याकाळी मिटायची आणि दुसऱ्या दिवशी खाली. फळ एक नाही. रोज तेच. काकू झाडून झाडून फुलं एका कोपऱ्यात लोटायच्या. लोटताना काकांकडं बघायच्या नाहीत. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

काकूंनी ट्रंक उन्हात ठेवली त्या दुपारी दूधवाली आली. ती वेळेवर कधीच यायची नाही, पण आली की ठाण मांडायची. मांडवाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "काय हो, इथं कुणी गेलंय का?"

"म्हणजे?"

"एवढी फुलं आणि एवढं सामसूम? आमच्याकडं या वेलाखाली उभं राहवत नाही भुंग्यांनी. मोठे काळे. त्यांच्या पाठीला परागकण चिकटतात. तेच या वेलाचं त्या वेलाला नेतात. याची घरातल्या घरात सोयरीक चालत नाही, बाहेरचीच लागते. मध्यस्थ कुठं गेले तुमचे?"

काकांनी खांबाकडं बघितलं. मग तुळईकडं, मग दाराच्या चौकटीकडं. कुठंही एक भोक नाही. असलं सफाईदार काम त्यांनी भल्याभल्यांच्या बंगल्यात केलं नव्हतं.

काकू विहिरीवर होत्या, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. काकांना गप्प बसता आलं असतं. वेलाचं बियाणं वाईट, माती वाईट, काहीही सांगता आलं असतं. पण तसा माणूस नाही तो. जेवायला बसल्यावर घास हातात धरूनच म्हणाले, "वेलांची चूक नाही. माझी आहे." आणि सगळं सांगितलं.

काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जागेनं आपल्याला नाही म्हटलंच नाही. तुम्हीच तिच्या तोंडावर दार लावलंत."

"हो."

"आपल्याच पायावर धोंडा! आणि तोही पॉलिश करून!"

"हो."

"हो हो काय करताय? उघडा की मग. पण माझा शब्द तोच. फळ नाही तर ट्रंक."

काकांनी गिरमिट काढलं. आयुष्यभर बुजवलेला माणूस भोकं पाडायला बसला. एकेक खांब उकरला. एका भोकातून मेलेला भुंगा निघाला, तो काकांनी तळहातावर घेतला. मग केळीच्या बुडाशी पुरला. एक वाळका ओंडका आणून त्यालाही सुबक भोकं पाडली, कडा काचपेपरनं घासल्या (भुंग्याला काय फरक पडतो, पण काकांना पडतो), आणि मांडवाला टांगला. दूधवाली म्हणाली, "भाड्यानं देणे आहे अशी पाटी पण लावा."

भुंगे येईपर्यंत हात हलवायला हवेच होते. काकांनी पॉलिशचा सगळ्यात मऊ ब्रश धुतला आणि रोज दुपारी फुलं उघडली की कामाला लागले. उताराच्या वेलाच्या ज्या फांद्या वर अंगणापर्यंत आल्या होत्या त्यांचे पिवळे परागकण घ्यायचे, उंबऱ्याकडच्या वेलाला लावायचे. ओठ दुमडून, श्वास रोखून, एखाद्या नवरीच्या पलंगाला शेवटचा हात मारावा तसं. उताराखाली ते जात नसत. वर येताना दम लागायचा. तिकडची फुलं त्यांनी भुंग्यांवर सोडली होती. काम झालं की खाटेवर आडवे होऊन घोरायचे.

मग एके सकाळी काकूंनी हाक मारली, "अहो, इकडं या, आधी या!" फुलाच्या देठाशी वाटाण्याएवढी हिरवी गोळी. मग दुसरी. काकांनी हात लावला नाही, नुसतं वाकून बघत राहिले. डोळे भरले ते उन्हानं, असं ते म्हणाले.

आणि उताराकडं तर विचारू नका. तिकडं घोसच्या घोस. "बघितलंस? परत आले!" काका दूधवालीला म्हणाले, शेजाऱ्यांना म्हणाले, भेटेल त्याला म्हणाले. "मी त्यांची घरं मोडली आणि त्यांनी माझं घर राखलं. असं माणूस तरी करेल का?" सकाळी हवेसमोर उभे राहायचे ते आता त्या ओंडक्याकडंही मान लववायला लागले. ट्रंक परत खाटेखाली गेली.

काकूंच्या बहिणीनं हे नंतर सांगितलं. त्या हंगामात खांबात की ओंडक्यात एकही भुंगा आला नव्हता. काका घोरायला लागले की काकू केसांना डाय लावायचा ब्रश घेऊन, पदर खोचून उतारावर जायच्या. आणि बहिणीला निरोप धाडला होता की समोरची खोली देऊन टाक कुणालाही, आमची वाट बघू नकोस.