परदेशातली आयती भाकरी

माझ्या नवऱ्याला भाकरी थापता येत होती. माझ्यापेक्षा चांगली.

मागच्या वर्षी शोकसभेत यांच्या कचेरीतले एक जण कौतुकाने म्हणाले, "साहेबांनी जन्मात कधी चुलीकडे पाहिलं नाही." मी गप्प बसले.
आज मधुकरना जाऊन वर्ष झालं. चूक दुरुस्त करते.

१९८७ च्या उन्हाळ्यात आमच्या बेला गावाहून आम्ही नेपाळात लुंबिनीला गेलो. बरोबरची मंडळी दोन दिवसांत परतली. हे मात्र जवळच्या खेड्यात थारू जमातीच्या एका शेतकऱ्याच्या घरी राहायला जागा मागून आले. का, तर हवा आवडली.

अकरा दिवस राहिलो. मी शाळेच्या घंटेवर चालणारी बाई. हे सकाळी दहापर्यंत खाटेवर.

घरच्या बाईने तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिकरी खाऊ घातली. गोगलगाईंची रस्साभाजीसुद्धा. मी हात लावला नाही. हे शंखाला तोंड लावून सुर्रकन ओढत.

चौथ्या दिवशी ती हिंदीत म्हणाली, आता तुमच्याकडचं काही करा. माझ्या पिशवीत ज्वारीचं पीठ होतं, पण प्रवासात त्याची विरी गेली होती. थापायला घेतली की भाकरी फाटे. दोन फाटल्या. तिसरीला हे म्हणाले, "सरक."

उकळत्या पाण्यात पीठ घातलं, मळलं, थापलं. टम्म फुगली.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मला पत्ता नव्हता. होस्टेलात शिकले होते म्हणे.

मग हळूच म्हणाले, "घरी सांगू नको वं. माय म्हणन, बायकोनं पोराले चुलीपाशी बसवलं. बोल तुलेच बसतीन."

नाही सांगितलं.

त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी आम्ही निघायचो. नेपाळच्या डोंगरातली गावं. तिथला कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा घट्ट धिडो, आंबवून वाळवलेल्या पाल्याचं गुंद्रुक. एकदा श्रीलंका, तिथे नारळ घातलेली रोटी.
घाई नाही, बघायच्या ठिकाणांची लिस्ट नाही. एका गावात मुक्काम टाकायचा, त्यांचं खायचं, एक दिवस आपलं करून घालायचं.
भाकऱ्या हे करत. मी पाय पसरून बसे.

शाळेत विचारत, बाई, एवढं लांब काय पाहायला जाता? मी म्हणे, हवापालट.
खरं कारण तव्यावरची गरम, आयती भाकरी.

बेल्यात पाऊल टाकलं की हे पुन्हा साहेब. पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागे.

शेवटी मी अडून बसले. बहुतेक ९६ साल.
"यंदा कुठं जायचं नाही. इथं करा. एका भाकरीसाठी मी किती वेळा सरहद्द ओलांडू?"

हे उठून बाहेर निघून गेले. मला वाटलं, जास्त ताणलं. आता भाकरीही गेली आणि प्रवासही.

रविवारी सासूबाई आणि मी ओसरीवर तूर निवडत होतो. आतून थापण्याचा आवाज आला.
सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"मधू," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आवाज जड येऊन राह्यला. पातळ थाप."

आतला आवाज लगेच हलका झाला.

तिघं एकत्र जेवलो. सासूबाईंनी तीन खाल्ल्या.

मग दर रविवार यांचा. सासूबाईंची एकच अट, पुढचं दार लोटून घ्यायचं. लोकं काय म्हणतील.
त्या गेल्यावरही ते लोटलेलंच राहिलं. ती चूक माझी.

प्रवास थांबले नाहीत. फक्त आता मी खरंच हवा पाहायला जायची. गोगलगाय मात्र कधीच खाल्ली नाही.

मधुकर, मी पोटभर जेवले.
जय भीम.