ब्रेकची पूजा

लिहिण्याचा सराव असलेल्यांच्या पंगतीत आगंतुकासारखी येऊन बसते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. शाळा-महाविद्यालयात निबंध लिहिले ते गुणांसाठी, नोकरीत अहवाल लिहिले ते वरिष्ठांच्या सह्यांसाठी. कोणी न सांगता, आपल्या मनाने लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि वय पन्नाशीला टेकलेले. विषयही असा, की त्यावर अधिकाराने बोलावे असे मला काही ठाऊक नाही: एक वापरलेली सायकल, आणि ती डोंगरावर नेण्याआधी आमच्या घरात झालेली तयारी. पण त्यातून निघालेला एक प्रश्न गेले काही दिवस मनातून हलत नाही, आणि तो विचारायचा तर आधीची हकीकत सांगणे भाग आहे.

सायकल चालवायला मी पंचेचाळिशी उलटल्यावर शिकले. लहानपणी मुंबईत आम्ही चौथ्या मजल्यावर राहत असू. सायकल ठेवायची कुठे, या प्रश्नापाशी विषय संपत असे. पुढे रसायनशास्त्र शिकले, लग्न झाले, औषधांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आयर्लंडला आले, डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन या उपनगरात घर झाले. सायकल राहिली ती राहिलीच. मग २०२०चा वसंत आला आणि करोनामुळे सगळे बंद झाले. शॉपिंग सेंटरचा अवाढव्य कार पार्क रिकामा पडला. आमची सोळा वर्षांची लेक एके दिवशी म्हणाली, "मम्मा, आता तरी कोणी बघणार नाही. चल." माझ्या लाजरेपणाची तिला पूर्ण कल्पना आहे. ती मागून सीट धरून धावत होती आणि मी ओरडत होते, "सोडू नकोस!" तिचे उत्तर फार दुरून आले: "मी कधीच सोडलंय!"

लेकीला मराठी सगळे कळते, पण उत्तर ती इथल्या हेलाच्या इंग्रजीतूनच देते. तिची वाक्ये मी माझ्या मराठीत लिहिते आहे. त्यातली लज्जत गेली असेल तर दोष माझा. ती स्वतः मैत्रिणींबरोबर शहराच्या दक्षिणेच्या डोंगरांत सायकल चालवते. त्या वयाची मुले आईला आपल्या जगात फारशी बोलावत नाहीत. म्हणून जेव्हा ती सहज बोलून गेली, "तू नीट शिकलीस तर एकदा तुला डोंगरावर नेईन," तेव्हा मी तेवढ्याच सहजपणे "बघू" म्हटले, आणि दुसऱ्या दिवसापासून डोंगरावर चालेल अशी जुनी सायकल शोधू लागले. नव्या सायकली त्या वर्षी दुकानांतून नाहीशाच झाल्या होत्या.

ती मिळाली उन्हाळ्यात, जवळच्या नावन गावातल्या एका गृहस्थांकडे. रुंद दातेरी टायर, पुढे धक्के झेलणारे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. गृहस्थांनी तिच्या सीटवर म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि म्हणाले, "शी'ज ग्रँड." ग्रँड म्हणजे भव्य, उत्कृष्ट, असे मी शाळेत शिकले होते. इथे इतकी वर्षे राहूनही मी तो शब्द पुस्तकी अर्थाने घेतला. घरी आणल्यावर लेकीने चेन बोटावर उचलून पाहिली, चाक फिरवून पाहिले आणि निदान केले: चेन ताणलेली, सस्पेन्शन अडकणारे, ब्रेकचे पॅड झिजून पत्र्याला आलेले. "मम्मा, ग्रँड म्हणजे अजून मोडलेली नाही, एवढंच."

ही तपासणी मागच्या परसात चालली असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या मूळच्या कराडकडच्या. नातीला भेटायला म्हणून थोड्या दिवसांसाठी आल्या होत्या. विमाने बंद झाली आणि इथेच अडकल्या. सायकलीकडे पाहून त्यांनी एकच विचारले.

"ब्रेक लागत्यात न्हवं?"

"अजून नाही, आई. नवे पॅड घालायचे आहेत."

"आन् ही डोंगरावर न्यायची?"

"वसंतात. चालवायला जमली तर."

त्या आत गेल्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता, त्यांनी सांगितले. त्यांचा थोरला भाऊ दुधाच्या किटल्या सायकलीला अडकवून घाट उतरत असे. एका सकाळी ब्रेक लागला नाही. त्या तेव्हा लहान होत्या आणि वळणावर त्याचीच वाट पाहत उभ्या होत्या. "माज्या म्होरनं गेला तो. 'बाजूला सर' म्हनला. मी सरले." एवढे बोलून त्यांनी भाकरी उलटली. "मी हितं हाय तवर, ब्रेकची खात्री पटल्याबिगर सायकल डोंगराला न्यायची न्हाई."

लग्नाला पुष्कळ वर्षे झाली, पण सासूबाईंचा शब्द मी मोडल्याचे आठवत नाही. आणि हा तर मोडण्यासारखा नव्हताच. त्यामुळे त्या सायकलीची सगळी तयारी अखेर एका गोष्टीपाशी येऊन थांबली. चेन बदलली, सस्पेन्शन उघडून साफ केले, सीट माझ्या उंचीला आणली. पण ही कामे आमच्या समाधानासाठी होती. ब्रेकचे काम सासूबाईंसाठी होते.

दुकानांत दुरुस्तीची रांग लांबलेली आणि सुट्या भागांची टंचाई, त्यामुळे पॅड टपालाने मागवले. ते येईपर्यंत हिवाळा लागला आणि घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाण्यास बंदी झाली. लेक व्हिडिओ पाहून सांगे आणि मी परसातल्या शेडमध्ये करी. डिस्क ब्रेकचे एक मर्म मला फार आवडले, कारण ते माझ्या नोकरीतलेच होते: पॅड आणि तो जिला आवळून धरतो ती चाकाची चकती यांच्यामध्ये काहीही येता कामा नये, नाहीतर पकड सुटते. तेलाचा थेंब नाही, बोटाचा ठसासुद्धा नाही. कारखान्याच्या निर्जंतुक खोलीत मी दिवसभर हेच सांभाळते. चकत्या मी अल्कोहोलने पुसल्या, हातमोजे घालून पॅड बसवले आणि घरात सर्वांना बजावले की चकतीला कोणी हात लावायचा नाही. यजमान म्हणाले, "आपल्या गाडीचं एवढं कौतुक झालं असतं तर ती आज विमान झाली असती."

सर्वांना बजावले, असे आता लिहिले खरे. बजावले ते जेवणाच्या टेबलावर, लेकीशी बोलताना, "रोटर", "कंटॅमिनेशन" अशा शब्दांत. सासूबाई पलीकडे बसून वाती वळत होत्या.

सासूबाईंची तपासणी मात्र रोज चाले. दुपारी शाल गुंडाळून त्या परसात येत, ब्रेकची मूठ घट्ट आवळत आणि सायकल पुढे ढकलून पाहत. सायकल हलली नाही की मान डोलावत. पण परवानगी देत नसत. "हितं लागतोय. हितं उतार कुठं हाय?" त्याच सुमारास कराडहून वाईट बातम्यांचे फोन सुरू झाले. आज कोणाचे नाव ऐकावे लागेल या भीतीने फोन वाजला की त्या पदर तोंडाशी नेत. इतक्या दूर बसून आपल्या हातून काहीच होत नाही, हे त्या बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या हातांतून दिसे. वाती लागत त्याहून कितीतरी अधिक त्या वळून ठेवत.

गुढीपाडव्याच्या आदल्याच दिवशी बंधने सैल झाली आणि डब्लिनभर कुठेही जाण्याची मुभा मिळाली. पाडव्याला माझी कारखान्यात सकाळची पाळी होती. फुलझाडांना आधाराला आणलेल्या काठीवर गुढी उभारून मी निघाले. परत आले तो सायकल दारात सजून उभी होती. हँडलला डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांची माळ, दांड्यावर स्वस्तिक, सीटवर अक्षता. सासूबाई म्हणाल्या, "शनवारी घिऊन जा तिला. पूजा केली मी. ब्रेकची बी केली."

मला भरून आले. त्यांनी परवानगी दिली होती. पुढे काही विचारावे असे सुचले नाही.

शनिवारी लेक आणि मी गाडीच्या मागे सायकली अडकवून डोंगराकडे गेलो. चढ मी निम्मा चालवत आणि निम्मा ढकलत चढले. वर वारा होता, गॉर्सची काटेरी झुडपे पिवळी धमक फुलली होती आणि खाली समुद्रापर्यंत सारे शहर पसरले होते. लेक म्हणाली, "आता हलकेच ब्रेक धरून उतरायचं. माझ्या मागे ये."

पहिल्या उतारावर मी ब्रेक दाबला. सायकलीने असा हंबरडा फोडला की पुढे चाललेली लेक दचकून वळली. ब्रेक अजिबात लागला नाही असे म्हणता येणार नाही. लागल्यासारखे केले, आणि चाक फिरतच राहिले. दोन्ही मुठी दांडीला टेकेपर्यंत आवळल्या. वेग वाढला. त्या क्षणी डोळ्यांपुढे मी नव्हते, लेकही नव्हती. वळणावर उभी असलेली एक लहान मुलगी होती. मी ओरडले, "बाजूला सर!" आणि हँडल झुडपांकडे वळवले.

गॉर्सचे काटे लागतात, पण त्याच्या फांद्या दाट असतात. हातांवर ओरखडे उठले, गुडघा सोलवटला, याखेरीज काही झाले नाही. लेकीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. मला बाहेर ओढून, मी धड आहे याची खात्री करून ती सायकलीकडे वळली. तिने चकतीवर बोट फिरवले आणि ते नाकाशी नेले.

"मम्मा, याला आजीच्या देवघरासारखा वास येतोय."

मी वास घेतला. समईतले तिळाचे तेल. चकतीच्या छिद्रांत लाल कण दिसले. ते कुंकू होते. मग सगळे उलगडले. सणाच्या सकाळी अंगाला तेल लावून न्हायचे असते, आणि सासूबाईंनी त्यांना ज्याची सर्वांत जास्त भीती होती त्यालाच, म्हणजे ब्रेकला, अभ्यंग घातले होते. मग जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने पुसून कुंकू वाहिले होते. दोघी तिथेच बसून इतक्या हसलो की शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी विचारले, सगळे ठीक आहे ना? लेक डोळे पुसत म्हणाली, "ग्रँड."

सायकली ढकलत खाली आलो. घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझे हात पाहून त्यांनी विचारले, "ब्रेक?"

लेक माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "उतारावर जरा घसरले, आई. झुडपात जाऊन थांबले."

"थांबलीस न्हवं!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मी त्येलाच तेल लावलं, त्येलाच कुंकू वाह्यलं. त्येला म्हनलं, माजी सून हाय, थांबीव तिला. दादाच्या येळंला माज्या हातात काय न्हवतं बघ." आणि इतक्या महिन्यांत, एवढे वाईट फोन येऊनही कोणासमोर न रडलेल्या सासूबाई माझ्या ओरखड्यांना हळद लावता लावता रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ब्रेक तपासणे सोडले. चकत्या मी पुन्हा अल्कोहोलने पुसल्या, पॅड पुन्हा मागवले. उन्हाळाभर लेकीबरोबर डोंगरावर गेले. आता ती मला मैत्रिणींबरोबरही बोलावते. सासूबाई निघताना "जा, ये" एवढेच म्हणत. कराडला फोनवर धाकट्या भावाच्या मुलांना त्यांनी ती हकीकत कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा तरुण होई.

आता विमाने सुरू झाली आहेत. दिवाळीनंतर सासूबाई परत जातील. त्याआधी खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारे-अवजारे पूजतात त्या दिवशी, त्या माझ्या आणि नातीच्या अशा दोन्ही सायकलींच्या ब्रेकची पूजा करणार आहेत. तेलाची छोटी बाटली आणि कुंकवाची डबी त्यांनी नातीसाठी वेगळी काढली आहे: "मी गेल्यावर दर सनाला तू लावायचं. मी फोन करून इचारीन."

यजमान म्हणतात, करू दे पूजा, नंतर पुसून टाक. या सणापुरते ते जमेलही. पण लेकीने मला स्पष्ट सांगितले आहे, "मी ते लावणार नाही, मम्मा. आणि लावलं असं आजीला खोटंही सांगणार नाही." तिचे काही चुकते असे मला म्हणता येत नाही. फोन आला की ती जे घडले तेच सांगेल, तिच्या इंग्रजीत, आणि सासूबाईंना त्यातला "ब्रेक" हा शब्द तेवढा कळेल. त्याआधी सांगायचे तर ते मीच, मराठीत, समोर बसून सांगायला हवे. त्यांच्या हातांनी मला थांबवले नव्हते, थांबवले ते काटेरी झुडपाने, हे वाक्य मी अनेकदा मनात जुळवून पाहिले. माझ्याकडे शब्द आहेत. पण ते उच्चारले की वळणावरची ती मुलगी पुन्हा बाजूला सरून उभी राहील, असे वाटते.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना खरे सांगितले असते का?