साडूने दिलेला पंप

वस्तादच्या पोटात दुखायला लागलं की ते मला वरच्या मजल्यावर कळतं. एरवी तो पाना फळीवर ठेवतो तो झोपलेल्या माणसाच्या उशाशी ठेवावा तसा. मनात काही खुपत असलं की तोच पाना आपटला जातो, आणि मी चहाचा कप घेऊन खिडकीशी येते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच त्याचं गॅरेज आहे. एक गाडी आत, एक दारात, आणि भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची रेघ आखलेली, म्हणजे कुठलं जागेवर नाही ते दुरून दिसावं.

मी शाळेत शिकवायचे तेव्हा सहावीला तो माझ्या वर्गात होता. तेव्हाही असाच. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा नकाशा आपल्यापेक्षा चांगला आला, हे त्याला सोसलं नाही. त्याने त्यावर शाई सांडली, आणि मधली सुट्टी व्हायच्या आत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "बाई, ती सांडली नाही, मी सांडली." हेवा करणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. स्वतःचा हेवा स्वतःच आणून टेबलावर ठेवणारा हा एकच.

आता त्याच्या शेजारच्या बाकावर साडू आहे, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न झालं तेव्हा त्याच्या हाताला काही काम नव्हतं, म्हणून वस्तादनेच त्याला हाताखाली घेतलं आणि चार वर्षं शिकवलं. मग त्याने पुलापलीकडे स्वतःची जागा घेतली. तिथे गाडी उचलणारी लिफ्ट आहे, फरशी पांढरी आहे, आणि इंजिनाला लॅपटॉप जोडून तो त्याचा प्रोग्राम बदलतो. वस्ताद त्याचं नाव घेत नाही. "काय म्हणतोय तुझ्या बहिणीचा लॅपटॉप?" असं बायकोला विचारतो.

बायको त्याला ओळखून आहे. "माझ्या बहिणीकडे नवा फ्रीज आला तरी यांना इथे हुडहुडी भरते," ती एकदा मला म्हणाली, त्याच्या समोरच.

"फ्रीजचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "फरशी बघ. गॅरेजात पांढरी फरशी. तेल सांडलं की रडत बसणार."

"सांडत नसेल त्यांच्याकडे."

पाना आपटला गेला.

या सगळ्यात एक गाडी अशी होती, की तिच्याकडे बघून वस्तादची मान ताठ व्हायची. ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बुटकी, दोन दारांची, टर्बोची. डॉक्टरीणबाई महिनाभर लोकांच्या तोंडात वाकलेल्या असतात आणि एका रविवारी जुन्या, बंद विमानतळाच्या धावपट्टीवर घड्याळ लावून गाडी पळवतात. आठ वर्षं त्या गाडीला वस्तादशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

मग त्यांनी साडूकडून इंजिनाचा प्रोग्राम बदलून घेतला. ताकद वाढली, तशी इंजिनाची तहानही वाढली. पूर्ण वेगात टाकीतला मूळचा पंप पुरेसं पेट्रोल पोचवेना. हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा अवस्थेत इंजिन ताणलं तर आतला पिस्टन वितळतो. म्हणून मोठा पंप हवा होता.

"बसवायचा तुम्हीच," डॉक्टरीणबाई सोमवारी सांगून गेल्या. "कोणता घ्यायचा तेवढं तुमच्या साडूंना विचारा. रविवारी पळवायचीय. आणि खरं सांगू का वस्ताद, या वेळी काही मागेपुढे झालं, तर पुढचं सगळं काम त्यांच्याकडेच एका छपराखाली करावं म्हणते. या फेऱ्या मला झेपत नाहीत."

त्या सहज बोलल्या. वस्ताद गाडी गेल्यावरही बराच वेळ दारात उभा होता.

मंगळवारी बायको बहिणीकडे गेली होती, ती एक खोका घेऊन आली. "भाऊजींनी दिलाय. डॉक्टरीणबाईंनी त्यांना फोन केला होता म्हणे. उघडून बघा म्हणाले, दादांना पटला तर."

"दादांना पटला तर," वस्तादने नक्कल केली. "याला पाना धरायला मी शिकवला. आता हा मला पंप पाठवणार."

"मग तेच तर म्हणाले ते. पटला तर."

खोक्यावर लिहिलं होतं, ताशी अडीचशे लिटर. खोका न उघडता फळीवर सगळ्यात वर, ग्रीसच्या डब्यामागे गेला, आणि वस्तादने दुकानदाराला फोन करून ताशी साडेचारशे लिटरचा पंप मागवला.

"एवढा कशाला रे?" मी वरून विचारलं.

"बाई, उद्या त्यांनी आणखी ताकद वाढवली तर? पुढचा विचार करायला नको?"

विचार पुढचा नव्हता. शेजारच्या बाकाचा होता. त्याला ते माहीत नव्हतं असं नाही.

गुरुवारी सकाळी गाडी आली आणि काम सुरू झालं. त्याने पंपाचा फ्यूज काढला आणि गाडी चालू केली. नळीत उरलेलं पेट्रोल पिऊन इंजिन आपणच बंद पडलं, म्हणजे आता नळी सोडवली तरी फवारा उडणार नव्हता. बॅटरीची तार सोडवली. मागची सीट बाहेर आली. तिच्याखालचं झाकण आधी हवेने, मग ब्रशने, मग फडक्याने साफ झालं, कारण धुळीचा कणसुद्धा टाकीत जाता कामा नये. मग झाकण फिरवून त्याने जुना पंप तिरका करत वर काढला, पेट्रोल किती उरलं ते दाखवणाऱ्या काट्याच्या तरंग्याला कुठे धक्का न लावता. झाकणाखालची रबरी रिंग पेट्रोल पिऊन फुगली होती. ती एकदा बाहेर आली की परत खाचेत बसत नाही, दर वेळी नवीच लागते. नव्या पंपाबरोबर एक आली होती.

पंप जोडून झाल्यावर त्याने कुणी न सांगितलेली एक गोष्ट केली. बॅटरी जोडली, फ्यूज परत लावला, नुसता पंप चालवला आणि मीटर लावून पाहिलं. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट होते आणि पंपापाशी अकरासुद्धा नव्हते.

"ही वायर बघा बाई, शिवणाच्या दोऱ्यासारखी," तो खालून म्हणाला. "पंप मोठा घ्यायचा आणि त्याला उपाशी ठेवायचं."

दुपार त्यात गेली. बॅटरीपासून थेट पंपापर्यंत जाड वायर टाकली, मध्ये रिले लावला, आणि जुन्या वायरीकडे फक्त चालू-बंद सांगायचं काम ठेवलं. वायर गालिच्याखालून अशी नेली की हात फिरवला तरी लागू नये.

चार वाजता गाडी चालू झाली, आणि उभ्या उभ्या खोकायला लागली. मागून काळसर धूर आला, पेट्रोलचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. गिअर टाकून वीतभर पुढे घेतली की बंद. वस्तादने दाबाचं मीटर लावलं. काटा तीनवर असायला हवा, तो चारच्या पुढे जाऊन थरथरत होता.

कारण त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. इंजिनाला लागत नाही ते पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी बारीक होती. गाडी नुसती उभी असताना पंप इतकं पेट्रोल ढकलत होता, की त्याला परत जायला वाटच पुरेना. त्यामुळे दाब वाढला आणि इंजिनात नको तितकं पेट्रोल जायला लागलं. पंप घेण्याआधी ही परतीची नळी बघायची, हे वस्तादने झोपेतही सांगितलं असतं. या वेळी त्याने बघितला होता तो फक्त साडूच्या खोक्यावरचा आकडा.

शुक्रवारी सकाळी त्याने गॅरेज झाडलं, मग पुन्हा झाडलं. मग स्टुलावर चढून ग्रीसच्या डब्यामागचा खोका काढला. आत पंप होता, दोन रबरी रिंगा होत्या आणि चिठ्ठी होती. ती त्याने मोठ्याने वाचली: "दादा, परतीची नळी बारीक आहे, म्हणून हा. रिंगा दोन ठेवल्यात."

"दोन," तो मला म्हणाला, जणू मीच ठेवल्या होत्या. "म्हणजे याला माहीत होतं. मी याचा पंप बाजूला ठेवणार, दुसरा बसवणार, तोंडावर पडणार आणि परत टाकी उघडणार. घरी बसून हसला असेल, बाई."

बायको चहा घेऊन आली होती. "अहो, रिंग बसवताना कापली जाते, नेहमी दोन जवळ ठेव, असं कोण ओरडायचं त्यांच्यावर? चार वर्षं रोज ऐकलंय. मलासुद्धा पाठ आहे."

वस्तादने चहा घेतला. रिकामा कप ठेवत म्हणाला, "मी एकच घेतली या वेळी." आणि मग, खरी कळ तिथेच होती, "हेही त्याच्याच लक्षात राहिलं."

त्याने टाकी पुन्हा उघडली. पहिली रिंग बसवताना कापली गेली. हात अजून रागावलेला होता. तो बाहेर जाऊन नळाखाली हात धुऊन आला आणि दुसरी रिंग त्याने बोटाच्या टोकाने, वर्तुळ पूर्ण होईपर्यंत, खाचेत बसवली. गाडी चालू झाली. काटा तीनवर आला आणि तिथेच राहिला.

शनिवारी डॉक्टरीणबाई गाडी आधी साडूकडे तपासायला घेऊन गेल्या. दोन तास वस्तादने एकही काम हातात घेतलं नाही. त्या परत आल्या तेव्हा मी खिडकीत होते, हे लपवत नाही.

"झकास आहे," त्या म्हणाल्या. "पूर्ण वेगातसुद्धा दाब पडत नाही म्हणाले. कोणता पंप घेतलात शेवटी?"

त्यांना साडूने सांगितलं नव्हतं, हे उघड होतं. 'मी निवडला' एवढंच म्हणायचं होतं. वस्ताद हात पुसत उभा राहिला, आणि ती उभं राहण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती.

"निवडला त्यानं," तो म्हणाला. "मी आधी दुसरा बसवला होता. तो चुकला. मग त्याचा बसवला."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "माप चुकलं की आम्हालाही दाताची कॅप परत काढावी लागते."

"सांगता पेशंटला?"

"कधी कधी." त्यांनी किल्ली फिरवली. "पुढच्या महिन्यात ब्रेक बघायचेत, इकडेच आणते. आणि हो, ते सारखे विचारत होते, पंपाला एवढं व्होल्टेज मिळतंय ते कसं. म्हणाले, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत वस्ताद गंभीर होता. मग गेला तो गंभीरपणा.

"फोन करून सांगा की त्यांना वायरीचं," बायको म्हणाली.

"सांगू की."

"कधी?"

"सोमवारी. दोन दिवस करू दे विचार."

त्या दिवशी पाने फळीवर ठेवल्याचा आवाज मला वर एकदाही ऐकू आला नाही. सोमवारी फोन न करता तो स्वतःच पुलापलीकडे जाऊन आला. साडूला वायर, रिले, सगळं कागदावर काढून दिलं म्हणाला.

"मग? काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हणाला, दादा, तुम्ही नसता तर मला काही आलं नसतं." त्याने पाना उचलून पुसला. "बाई, मी मुद्दाम वाकून बघितलं. त्या फरशीवर एक डागसुद्धा नाही."

आणि पाना आपटला.