विझवलेले निरांजन
नुकत्याच विझलेल्या तुपाच्या वातीचा वास आला, की मला बारामतीच्या दवाखान्यातील माझा दहावा वाढदिवस आठवतो आणि संताप येतो. धाकटा भाऊ न्यूमोनियाने महिनाभर तिथेच होता. नाकात ऑक्सिजनची नळी, उशाशी माणसाएवढे सिलिंडर. म्हणून आत्या इंदापूरहून एसटीने औक्षणाचे ताट घेऊन तिथेच आली. तिने मला भावाच्या खाटेवर, त्याला खेटून बसवले आणि निरांजन पेटवले. "आत्या, नळीतनं ऑक्सिजन येतोय, भडका उडंल," मी म्हणाले. शाळेत हे नुकतेच शिकवले होते. "लई शानी झालीस व्हय गं? दोघांस्नी एकदमच ओवाळते, त्याचंबी आयुष्य वाढंल," असे म्हणत तिने ज्योत त्याच्या तोंडाजवळ नेली. मी ती फुंकून विझवली. त्याच क्षणी थोबाडीत बसली आणि तिच्या बोटांचे कुंकू माझ्या गालावर उमटले. "भावाच्या जिवावर उठलीय अवदसा!" ती ओरडली, तशी नर्स धावत आली आणि धुरावणारी वात पाहून कडाडली, "दिवा कुणी पेटवला हितं?" आत्याने विलंब न लावता माझ्याकडे बोट दाखवले, "ह्या कार्टीनं." खाटेपाशीच उभ्या असलेल्या आईने सारे पाहिले होते, पण नणंदेसमोर ती गप्प राहिली. भाऊ पुढे बरा झाला, आणि तो आपल्या ओवाळण्यानेच वाचला, असे आत्या आजही चारचौघांत सांगते. मी दर वेळी पाहुण्यांसमोर तिला खोटे पाडते, आणि त्या दिवशी एक शब्द न बोललेली आई आता लगेच बोलते, "गप बस गं, मोठी हाय ती."